साक्षीदार म्हणतो ‘हाच तो’, आरोपी म्हणतो ‘मी तिथं नव्हतोच’: कोर्ट कुणाचं ऐकतं?

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमधल्या त्या सात स्फोटांत १८० हून जास्त माणसं गेली होती. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयानं याच बाराजणांपैकी पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली होती. निकाल आला त्या दिवशी लोकल डब्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच प्रश्न फिरत होता: ‘अहो, पण टॅक्सीवाल्यांनी ओळखलं होतं ना त्यांना?’

ओळखलं होतं. पण हे साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते, आणि ज्या अधिकाऱ्यासमोर ओळख पटवली गेली त्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता, असं उच्च न्यायालयानं म्हटलं. कबुलीजबाब आणि जप्तीचा पुरावाही टिकला नाही, पण लोकांना खटकली ती साक्षीदारांची गोष्ट. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवलं नाही. या खटल्यात कोण खरं, हा या लेखाचा विषय नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं कोर्ट कधी ऐकतं आणि कधी ऐकत नाही, आणि ‘मी त्या वेळी भलतीकडेच होतो’ या बचावाचं वजन कसं ठरवतं, एवढंच बघू.

आधी दोन संज्ञा

‘ओळख परेड’ म्हणजे आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांत उभं करायचं आणि साक्षीदाराला विचारायचं: यांत तो आहे का? ही परेड तपासाचा भाग असते. कायद्याच्या दृष्टीनं खरा पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात, शपथेवर, आरोपीकडे बोट दाखवून पटवलेली ओळख. परेड त्या ओळखीला फक्त आधार देते.

‘ॲलिबी’ म्हणजे घटना घडली तेव्हा आपण दुसरीकडे होतो, हा आरोपीचा दावा. आपल्याकडे तो कायद्यात स्वतंत्र बचाव म्हणून लिहिलेला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो एका उदाहरणात आला होता: गुन्हा कलकत्त्यात झाला आणि त्या दिवशी ‘अ’ लाहोरला होता, तर ही गोष्ट खटल्याशी संबंधित मानावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ९ खाली तेच उदाहरण आहे, फक्त कलकत्त्याचं चेन्नई आणि लाहोरचं लडाख झालंय. १८७२ मध्ये कलकत्ता ते लाहोर म्हणजे काही दिवसांचा प्रवास होता. आज चेन्नईत सकाळी चहा घेतलेला माणूस त्याच दिवशी लेहला उतरू शकतो. म्हणून हल्ली ‘त्या दिवशी’ हे उत्तर पुरत नाही. घड्याळात किती वाजले होते, ते सांगावं लागतं.

दोघांपैकी कोण खरं, असा प्रश्नच नसतो

साक्षीदार एका बाजूला, ॲलिबी दुसऱ्या बाजूला आणि न्यायाधीश ज्याचं जास्त पटेल त्याच्या बाजूनं निकाल देतात, असं आपल्याला वाटतं. तसं ते चालत नाही.

पहिली पायरी नेहमी सरकार पक्षाची. आरोपी घटनास्थळी होता आणि त्यानंच गुन्हा केला, हे वाजवी संशयाला जागा न ठेवता सिद्ध करणं हे त्यांचं काम. आरोपीनं तोंडही उघडलं नाही तरी ते काम कमी होत नाही. ती पायरी ओलांडली गेली असं दिसलं की मग ॲलिबीकडे वळायचं. आपण दुसरीकडे होतो हे शाबीत करण्याची जबाबदारी मात्र आरोपीवर. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०६ खालच्या उदाहरणात हे अगदी साध्या शब्दांत आहे: आपण त्या वेळी अन्यत्र होतो असं कोर्टानं मानावं असं ज्याला वाटतं, त्यानं ते सिद्ध करावं.

मग आरोपीनं ते किती पक्कं सिद्ध करायचं? बिहारमधल्या एका सामूहिक हत्याकांडाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं याची मांडणी केली, आणि नंतरच्या निकालांत तिचा हवाला सतत येतो. ॲलिबीचं ओझं जड आहे, आरोपी तिथं असण्याची शक्यताच उरू नये इतका पुरावा हवा, असं न्यायालयानं म्हटलं. पण पुढं हेही म्हटलं, की बचावाच्या पुराव्यानं आरोपीच्या हजेरीबद्दल वाजवी संशय निर्माण झाला, तर त्याचा फायदा आरोपीलाच मिळेल. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की थोडी भांडतात, आणि माझ्या मते खालच्या कोर्टांत पहिलंच जास्त ऐकू येतं. ‘ॲलिबी पूर्ण सिद्ध झाली नाही, म्हणून आरोपी दोषी’ असा तर्क कुठं दिसला, तर मधली एक पायरी गाळली गेली आहे असं समजावं. अर्धवट ॲलिबीनंही साक्षीदाराच्या ओळखीला तडा जाऊ शकतो.

प्रामाणिक माणूस चुकतो कसा?

साक्षीदारावर शंका घेतली की तो खोटं बोलतोय असा आरोप केल्यासारखं वाटतं. खोटं बोलणाऱ्याला उलटतपासणीत पकडता येतं, त्याची तारांबळ उडते. प्रामाणिकपणे चुकलेला साक्षीदार मात्र ठाम असतो, डगमगत नाही, रडतो, शपथेवर सांगतो. त्याच्यापुढं वकिलाची हत्यारं चालत नाहीत.

१९७५ साली ऑस्ट्रेलियात डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञावर एका स्त्रीनं बलात्काराचा आरोप केला. तिनं त्याला नि:शंकपणे ओळखलं होतं. पण हल्ल्याच्या वेळी थॉमसन टीव्हीवर थेट प्रक्षेपणात बोलत होता, आणि विषय होता प्रत्यक्षदर्शींची स्मरणशक्ती. झालं असं होतं की हल्ल्याच्या वेळी तिच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता. चेहरा पडद्यावरचा आणि प्रसंग खोलीतला, दोन्ही तिच्या आठवणीत एकमेकांना चिकटले. ती एक अक्षर खोटं बोलत नव्हती. थॉमसन वाचला तो अख्ख्या शहरानं पाहिलेल्या ॲलिबीमुळे. घरी एकटा वाचत बसला असता तर?

चेहरा लक्षात राहतो की नाही, हे बऱ्याच साध्या गोष्टींवर ठरतं. किती अंतरावरून पाहिलं, उजेड कसा होता, किती वेळ पाहिलं, मध्ये माणसं होती का, आधीची ओळख होती का. समोर चाकू किंवा पिस्तूल असेल तर नजर त्या हत्यारावर खिळते आणि चेहरा निसटतो. त्यानंतर किती दिवस गेले, हेही महत्त्वाचं, कारण त्या दिवसांत वर्तमानपत्रातले फोटो, टीव्ही, शेजाऱ्यांच्या गप्पा सगळं आठवणीत मिसळत जातं.

आणि ओळखल्यावर कुणी ‘बरोबर!’ म्हटलं तर? अमेरिकेत गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक चित्रफीत दाखवली, मग फोटोंमधून माणूस ओळखायला सांगितलं. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच, म्हणजे ज्यांनी ओळखलं ते सगळे चुकले. त्यांपैकी काहींना ‘तुम्ही संशयिताला अचूक ओळखलंत’ असं सांगितलं. त्यांची खात्री तर वाढलीच, पण आपण चेहरा नीट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता, असंही ते सांगू लागले. म्हणजे कोर्टात दोन-चार वर्षांनी दिसणारी खात्री घटनेच्या क्षणातून आलेली असेलच असं नाही. ती पोलिस ठाण्याच्या व्हरांड्यात तयार झालेली असू शकते.

बरं, एक चुकेल. दहाजण कसे चुकतील?

या आक्षेपाला लंडनमध्ये शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. ॲडॉल्फ बेक नावाच्या नॉर्वेजियन माणसाला १८९५ मध्ये रस्त्यात एका बाईनं अडवलं: याच माणसानं श्रीमंत सरदार असल्याची बतावणी करून माझे दागिने लुबाडले. त्याच पद्धतीनं फसलेल्या आणखी बायका पुढं आल्या. ओळख परेडीत पांढरे केस आणि मिशी असलेला बेक एकटाच होता. त्यांनी त्याला झटकन ओळखलं. दहाजणींनी.

याच पद्धतीनं १८७७ मध्ये जॉन स्मिथ नाव सांगणाऱ्या एका ठगाला शिक्षा झाली होती. ठगानं बायकांना दिलेल्या दोन्ही वेळच्या चिठ्ठ्यांचं अक्षर एकच, असं हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत होतं. १८७७ मध्ये स्मिथला पकडणाऱ्या शिपायानंही ‘हाच तो’ म्हणून सांगितलं. बेकचं म्हणणं सोपं होतं: अक्षर एकच असेल तर ठगही एकच, आणि १८७७ मध्ये मी पेरूमध्ये होतो. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या वास्तव्याचे साक्षीदारही होते. पण खटला फक्त १८९५ च्या फसवणुकीचा आहे, १८७७ चा नाही, असं म्हणून न्यायाधीशानं तो पुरावा आतच येऊ दिला नाही. या न्यायाधीशानंच १८७७ मध्ये स्मिथविरुद्ध सरकारी वकील म्हणून काम पाहिलं होतं. बेकला १८९६ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

पुढचं वाचून तर चीड येते. १८९८ मध्ये गृहखात्याच्या लक्षात आलं की तुरुंगाच्या जुन्या नोंदीप्रमाणे स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची झालेली नाही. दोन वेगळी माणसं आहेत हे यापेक्षा स्पष्ट कसं व्हायचं? पण गृहखात्यानं काय केलं, तर बेकला नवा कैदी क्रमांक दिला. १९०१ मध्ये तो सुटला, १९०४ मध्ये पुन्हा तशाच आरोपाखाली पकडला गेला, पुन्हा बायकांनी ओळखलं, पुन्हा दोषी ठरला. तो कोठडीत असताना खरा ठग नव्या बाईला फसवताना सापडला, म्हणून सुटका झाली. या प्रकरणाचा एवढा गवगवा झाला की १९०७ मध्ये इंग्लंडला फौजदारी अपील न्यायालय स्थापन करावं लागलं.

एका परेडीतली चूक दहाजण करतात तेव्हा ते दहा वेगवेगळे पुरावे नसतात. एकच चूक दहावेळा मोजलेली असते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ पासूनच म्हटलंय की साक्षीदार मोजू नयेत, जोखावेत. कायद्यातही अमुक संख्येचे साक्षीदार हवेत असं कुठं नाही. एक भरवशाचा असेल तर तो पुरतो.

परेड नीट झाली नाही तर काय बिघडतं?

देवळाबाहेर चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधताना आपण काय करतो? आपलीशी वाटणारी उचलतो. आपली चप्पल आधीच कुणी घालून गेला असेल, तरी बराच वेळ घुटमळून आपण आपल्यासारखी दिसणारी एक घालून घरी येतो, आणि पायाला चावेपर्यंत ती आपलीच वाटते. परेडीतला साक्षीदारही रांगेतल्या माणसांची एकमेकांशी तुलना करून त्यातल्या त्यात जवळचा निवडतो. खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी ‘त्यातल्या त्यात जवळचा’ कुणीतरी असतोच. म्हणून रांगेतली बाकीची माणसं कोण आहेत, यावर सगळं अवलंबून असतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत याचे नियम आहेत. एक आरोपी असेल तर किमान अर्धा डझन माणसं त्याच्यासोबत हवीत, दोन असतील तर दहा-बारा, आणि शक्यतो दोनपेक्षा जास्त आरोपी एका परेडीत नकोत. माणसं दिसायला साधारण सारखी हवीत. रांगेत कुठं उभं राहायचं ते आरोपी ठरवतो, हवं तर कपडे बदलतो. पोलिस त्या खोलीत थांबत नाहीत, पंच असतात, आणि एक साक्षीदार ओळखून आला की तो थांबलेल्या साक्षीदारांना भेटू नये अशी व्यवस्था करायची असते. आपल्याकडे बहुतेकदा नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी अधिकारी परेड घेतात. अधिकारी पोलिस नसावा, हा हेतू. त्यामुळे त्याच्या नेमणुकीतली त्रुटी ही नुसती कागदाची बाब राहत नाही.

आरोपीला कोर्टात आणताना त्याच्या तोंडावर फडकं का टाकतात, हेही इथंच कळेल. लोक चिडतात: लपवता कशाला, दाखवा तोंड! पण परेडीच्या आधी चेहरा चॅनेलवर झळकला की पुढं साक्षीदार घटनास्थळी पाहिलेला माणूस ओळखतोय की बातमीत पाहिलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. तोंड दाखवण्याच्या हट्टानं नुकसान होतं ते सरकार पक्षाचं.

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीला सोडलं, त्याचं एक कारण असं की त्याला दाढी आणि लांब केस होते, आणि परेडीत तसा दिसणारा दुसरा कुणी उभाच केला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या बेकच्या मिशीची आठवण होते.

परेड झालीच नाही तर? अनोळखी आरोपीला साक्षीदारानं पहिल्यांदा थेट कोर्टात ओळखलं तर त्याला फारसं वजन नाही, हा सर्वसाधारण नियम. कोर्टात आरोपी कुठं बसतो ते सगळ्यांना माहीत असतं. पण नियमाला अपवाद आहे. मध्य प्रदेशातल्या सामूहिक बलात्काराच्या एका खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीडितेनं कोर्टात पटवलेली ओळख परेडीशिवायही मान्य केली. तिला आरोपींचे चेहरे पाहायला भरपूर अवधी मिळाला होता आणि ते विसरण्यासारखे नव्हते, असं न्यायालयाचं म्हणणं. तेव्हा ‘परेड नाही म्हणजे सुटका’ हेही खरं नाही.

गावातल्या खटल्यांचं काय?

वर आलेलं सगळं अनोळखी माणसाबद्दल आहे. आपल्याकडच्या कितीतरी खटल्यांत साक्षीदार आरोपीला लहानपणापासून ओळखतो. बांधाच्या वादातून खून होतो, मारणारे आणि पाहणारे एकाच गावचे, कधी एकाच आडनावाचे. तिथं परेडीचा प्रश्न येत नाही. ओळखीचा माणूस अंधुक उजेडात चालीवरून, आवाजावरूनही कळतो, हे कोर्टंही मान्य करतात.

तिथली अडचण वेगळी. मारणारे तिघे असतात आणि फिर्यादीत अकराजणांची नावं येतात. त्यात एखादा भाऊ असतो, जो त्या दिवशी ठाण्यात कामावर होता. इथं ॲलिबीचा सामना चुकीच्या आठवणीशी नसून खुन्नस काढण्याशी असतो, आणि मग कंपनीचं हजेरीपुस्तक किंवा एसटीचं तिकीट जीव वाचवू शकतं. आपल्याकडची कोर्टं साक्षीदार एका बाबतीत खोटा ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून देत नाहीत. दाणे आणि फोलपट वेगळं करायचा प्रयत्न करतात. त्यामुळे एकाची ॲलिबी टिकते, तो सुटतो, आणि त्याच साक्षीवर बाकीचे दोषी ठरतात. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मला ते व्यवहार्य वाटतं, पण धोक्याचंही: ज्यानं एक नाव मुद्दाम घातलं त्यानं दुसरंही घातलं नसेल कशावरून?

बायको म्हणते, ‘हे घरीच होते’

कोर्टात सर्वांत जास्त येणारी आणि सर्वांत कमी विश्वास बसणारी ॲलिबी हीच. पण रात्री अकरा वाजता निर्दोष माणूस कुठं असणार? घरीच. आणि साक्ष कोण देणार? घरचेच. गुन्हेगाराला ॲलिबी रचायला वेळ मिळतो. निर्दोष माणसाला आपल्याला कधी ती लागेल याची कल्पनाच नसते.

शिवाय तोही आठवणीवरच बोलत असतो. तीन महिन्यांनी पोलिसांनी विचारलं की अमक्या मंगळवारी संध्याकाळी कुठं होतात, तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या तरुणानं १९८४ मध्ये पोलिसांना सांगितलेली ॲलिबी चुकीची निघाली, कारण त्यानं दोन शनिवार-रविवारांची गल्लत केली होती. पीडितेनं त्याला परेडीत ओळखलं होतं, वर ॲलिबी खोटी ठरली, मग काय! दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढल्यावर १९९५ मध्ये डीएनए चाचणीनं तो निर्दोष ठरला.

बचावाच्या साक्षीदारांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की त्यांना सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळायला हवी. त्यांच्यावरचा पारंपरिक, उपजत अविश्वास न्यायालयांनी सोडायला हवा. ते खोटं बोलतात, पण सरकारी साक्षीदारही बोलतात. गंमत म्हणजे त्याच निकालात न्यायालयानं आरोपीची ॲलिबी फेटाळली. तो अलाहाबादजवळ नैनीच्या टेलिफोन कारखान्यात कामाला होता आणि खुनाच्या वेळी तिथंच होतो असं त्याचं म्हणणं होतं. कामावर असल्याचा पुरावा होता, पण त्यामुळे घटनास्थळी असणं अशक्य ठरत नाही, असं न्यायालयाला दिसलं. बचावाच्या साक्षीदाराचं म्हणणं मानाचं, पण गणितही जुळायला हवं.

ते गणित असं. समजा कल्याणला रात्री साडेनऊला खून झाला आणि आरोपी नऊ वाजून पाच मिनिटांनी दादर स्टेशनच्या कॅमेऱ्यात दिसतो. फास्ट लोकलनंही पाऊण तासाच्या आसपास लागतो. ॲलिबी पक्की. तोच माणूस त्याच वेळी ठाण्याच्या कॅमेऱ्यात दिसला तर? गाडी मिळाली तर पोचतो. ॲलिबी गेली. आता दादरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं होतं असं कुणी दाखवलं, की पुन्हा सगळं उलटं. आणि साडेनऊ हा आकडा तरी कुठून आला? बहुधा कुठल्यातरी साक्षीदाराच्या अंदाजातून. ॲलिबीची तपासणी म्हणजे दोन्हीकडच्या वेळांची तपासणी.

मोबाइल आणि सीसीटीव्ही आल्यावर हा वाद मिटला नाही का?

थोडा मिटला. मोबाइलचं टॉवर लोकेशन फोन कुठं होता ते सांगतं, तेही एका परिसरापुरतं. फोन कुणाच्या खिशात होता ते सांगत नाही. फोन घरी ठेवून बाहेर पडणं ही आता जुनी युक्ती झाली. उलट फोन घटनास्थळाच्या टॉवरखाली होता म्हणजे माणूस गुन्ह्यात होता असंही नाही. दादरच्या एका टॉवरखाली एका वेळी किती माणसं असतात!

चित्रीकरण कोर्टात आणायचं तर ते कुठल्या यंत्रातून, कसं काढलं याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ही अट २०२० मध्ये ज्या खटल्यात पक्की झाली तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा होता, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यातही मुद्दा वेळेचाच होता: उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे कॅमेऱ्यानं टिपलं होतं.

तरीही माणसाच्या आठवणीबाहेरचा पुरावा दोन्ही बाजूंना तारतो. २६/११ च्या खटल्यात अजमल कसाबनं डिसेंबर २००९ मध्ये आधीची कबुली फिरवली आणि मला हल्ल्याच्या आधीच जुहूला पोलिसांनी पकडलं होतं असं सांगितलं. म्हणजे ॲलिबीच, आणि तीही कोठडीची! ती टिकली नाही. त्याला ओळखणारे साक्षीदार बरेच होते, पण त्यांच्या जोडीला सीएसटीवर हातात बंदूक घेतलेला त्याचा वृत्तपत्र छायाचित्रकारांनी काढलेला फोटो होता. साक्षीदार आणि फोटो एकमेकांवर अवलंबून नव्हते, म्हणून दोघांची बेरीज झाली. बेकच्या दहा बायकांची झाली नाही.

ॲलिबी खोटी निघाली म्हणजे गुन्हा केलाच की!

हा तर्क फार मोहात पाडणारा आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात ओळखीच्या चुकांची दोन प्रकरणं गाजली. एकात आठ प्रत्यक्षदर्शींनी ओळखलेला माणूस निर्दोष निघाला. दुसऱ्यातला माणूस पडदे चोरल्याबद्दल दोषी ठरला, आणि त्या दिवशी तो बसभर ओळखीच्या लोकांबरोबर सहलीला गेलेला होता. त्यानंतर १९७६ मध्ये डेव्हलिन समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी तिथल्या अपील न्यायालयानं ओळखीच्या पुराव्याबाबत मार्गदर्शन घालून दिलं. त्यातला एक भाग मला सर्वांत शहाणा वाटतो: खोटी ॲलिबी माणूस वेगवेगळ्या कारणांनी देतो. घाबरून देतो, खरी असली तरी कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून आणखी पक्की करायला जातो, किंवा प्रामाणिकपणे तारीख चुकतो. तो जिथं होता म्हणाला तिथं नव्हता, एवढ्यावरून साक्षीदार म्हणतो तिथं तो होता हे सिद्ध होत नाही.

आपल्याकडे खोटी ॲलिबी आरोपीविरुद्धच्या साखळीतली एक जादा कडी म्हणून धरली जाते. बाकीची साखळी पुरी असेल तेव्हा ते ठीक. निसटलेल्या कडीच्या जागी ती बसवायची नसते.

मग इतकी काटेकोर तपासणी केली तर गुन्हेगार सुटणार नाहीत का?

काही सुटतील. पण चुकीचा माणूस आत जातो तेव्हा खरा बाहेरच राहतो, हे विसरलं जातं. बेक तुरुंगात होता आणि खरा ठग मोकळा होता. अमेरिकेत डीएनए चाचणीनं जे शेकडो कैदी निर्दोष ठरले, त्यांच्यापैकी सुमारे सत्तर टक्के प्रकरणांत साक्षीदारांची चुकीची ओळख हे एक कारण होतं. त्या प्रत्येक प्रकरणात गुन्हा करणारा दुसरा कुणीतरी होता.

आणि वेळेवर, नियमाप्रमाणे घेतलेली परेड सरकार पक्षाचीच ताकद वाढवते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आरोपी परेडीला उभं राहायला नकार देऊ शकत नाही. परेडीला उभं केल्यामुळे त्याच्या गप्प बसण्याच्या घटनात्मक हक्काचा भंग होत नाही. म्हणजे पोलिसांकडे साधन आहे. ते लवकर वापरायला हवं.

ॲलिबीच्या बाबतीत मात्र आरोपीची बाजू लंगडी पडते ती वेळेमुळं. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, पण दुकानाच्या, सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुसलं जातं. तोवर आरोपी बहुधा कोठडीत असतो. दोषारोपपत्र हातात पडून आपल्यावर नेमका कुठल्या वेळेचा आरोप आहे हे कळेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात. नंतर ॲलिबी मांडली की कोर्ट विचारतं: आधी का नाही सांगितलंत? म्हणून फौजदारी वकील सल्ला देतात की पहिल्या रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांपुढं लेखी अर्ज द्यावा: अमुक तारखेला अमुक वेळी मी अमुक ठिकाणी होतो, तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण, माझ्या फोनच्या नोंदी आणि हजेरीचा कागद जपून ठेवण्याचे आदेश द्यावेत. अर्ज मंजूर झाला तर उत्तम. नामंजूर झाला तरी आरोपीनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, याची नोंद खटल्याच्या कागदांत राहते.